निरगुडसरची तिसरी फेरी

भिमाजी भोरांचा फोन वाजला की आधी त्यांचा गुडघा दुखतो आणि मग ते फोन उचलतात, असं त्यांची बायको रत्ना म्हणते. ती चेष्टेनं म्हणते, पण त्यात खोटं फारसं नाही. या माणसाला 'सहज केला होता' म्हणून कधी कुणाचा फोन येत नाही. मशीन बंद पडलं, मशीन आवाज करतंय, मशीन चुकतंय, एवढ्यासाठीच लोकांना भिमाजी आठवतात. मशीन सुरळीत चालू असलं की हेच लोक मंचरच्या बाजारात समोरून जातात आणि ओळख दाखवायला विसरतात.

घर अवसरी खुर्दला. उमेदीची वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात गेली. कारखान्यानं गाशा गुंडाळला तसे भिमाजी पाने-पकडी, मापं आणि पाठदुखी घेऊन गावाकडं आले. आल्यावर कळलं की इकडंही आता कांद्याच्या वखारींशेजारी पत्र्याची शेडं उभी राहिलीत, त्यांत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं येऊन बसलीत आणि ती दुरुस्त करणारा जवळपास कुणी नाही. झालं! तेव्हापासून मोटारसायकल, मागं बांधलेली लोखंडी पेटी आणि कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये गार फरशीवर आडवं होऊन मशीनच्या पोटात बघणं. वय पन्नाशी ओलांडून गेलं. आडवं होणं अजून जमतं, उठणं जिवावर येतं.

निरगुडसरच्या ऋषीचं मशीन त्यांनीच बसवलेलं. ऋषी म्हणजे गेणभाऊंचा धाकटा. इंजिनिअर झाला, चाकणच्या नोकरीला कंटाळला आणि वडिलांच्या उसाच्या कडेला शेड टाकून चाकणच्याच एका कंपनीला पंपाची झाकणं करून द्यायला लागला. पोरगा वाईट नाही, पण घाई फार. भिमाजी मशीन बसवायला गेले तेव्हा सिमेंटचा कट्टा आधीच तयार होता, पाणी मारून वाळलेलाही होता. त्यांनी त्यावर मशीन ठेवून घेतलं आणि पाणसळ लावून ते असं सपाट केलं की बुडबुडा अगदी मधोमध येऊन बसला. तेव्हा भिमाजींनी स्वतःवरच खूश होऊन दुसरा चहा मागितला होता.

आता हे मशीन म्हणजे काय, तर लोखंडाचं एक जाडजूड टेबल. त्यावर प्लेट घट्ट आवळायची आणि कॉम्प्युटरला आकडे द्यायचे. टेबल त्या आकड्यांप्रमाणे सरकतं आणि वरून फिरतं हत्यार खाली येऊन सांगितल्या जागी भोक पाडतं. सांगितल्या जागी म्हणजे अगदी त्याच जागी. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी चाकणची कंपनी माल माघारी धाडते.

त्या मशीनवर काम करायला आली आरती. आहुप्याच्या खोऱ्यातली, भात-नाचणी करणाऱ्या घरातली. घोडेगावला आयटीआय केलं आणि मंचरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. खोऱ्यातल्या पोरी नर्सिंगला जायच्या, दुकानात लागायच्या, पण मशीनवर कुणी गेली नव्हती. तिचा बाप भागू चारचौघांत सांगायचा, आमची आरती आकड्याचं मशीन चालवती. ऐकणारे गालात हसायचे, तरी तो सांगायचा थांबायचा नाही. पोरीचं हे काम टिकलं तर भागूची मान ताठ, नाहीतर 'आमी म्हनलंच व्हतं' म्हणायला सगळी आळी टपलेली. हे भिमाजींना आरतीनंच एकदा चहा पिताना सांगितलं होतं, हसत हसत.

पहिला फोन थंडीत आला. "भाऊ, भोकं जागेवर पडत न्हाईत," ऋषी म्हणाला. "प्लेटच्या एका टोकाला सरकत्यात. लई माल गेला."

भिमाजी निघाले. पाटाला पाणी सुटलेलं, शेतात पाणी नेणारी चारी फुटून शेडकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर रबरबाट झालेला. गाडी ढकलत नेताना दोन्ही पाय बुटांसकट चिखलात गेले. शेडमध्ये मोजे पत्र्यावर वाळत घालून ते अनवाणीच कामाला लागले. बारीक फरक दाखवणारा डायल लावून टेबल पुढं-मागं करून बघितलं. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये किंचित ढिलाई सापडली. तशी ती सगळ्याच मशिनांत थोडीफार असते, पण सापडली म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. तेवढा फरक कॉम्प्युटरमध्ये भरून दिला आणि घरी आले. पुढं काही आठवडे ऋषीचा फोन नाही. म्हणजे दुखणं गेलं, असं त्यांनी धरलं.

दुसरा फोन होळीच्या आधी आला. तक्रार तीच, टोकही तेच. त्या दिवशी भिमाजी बेल्ह्याच्या एका कामावरून थेट गेलेले, पाठ भरून आलेली. पुन्हा चिखल तुडवला आणि पुन्हा मोजे वाळत घातले. स्क्रू तपासला, मोटर आणि स्क्रूची जोडणी आवळून बघितली, मशीन तापल्यावर चुकतंय का म्हणून ते तासभर नुसतंच फिरवत ठेवलं. डायल टेबलाच्या मधोमध लावलेला, त्याचा काटा कुठंच चुकेना. एक पाणसळ लावायची तेवढी राहिली. त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण ते मशीन सपाट केलं होतं खुद्द भिमाजी भोरांनी, आणि भिमाजी भोरांचं काम भिमाजी भोरांनीच कशाला तपासायचं? पेटीच्या तळाशी असलेली पाणसळ तळाशीच राहिली.

मग मशीन नाही तर काय? शेडमध्ये मशीनखेरीज एक माणूसच उरत होतं.

"मशीन बरं हाय, ऋषी," ते पेटी भरता भरता म्हणाले. "प्लेट आवळताना खाली लोखंडाचा कीस ऱ्हात असंल."

"मी दरवेळी पुसून घेते काका," आरती म्हणाली. "दोनदा पुसते."

भिमाजींनी मान वर केली नाही. त्यांना घरी जायचं होतं. 'असंल' म्हणताना त्यांनी अंदाजच सांगितला होता, पण ऋषीला माल माघारी आल्याचा राग काढायला कुणीतरी हवंच होतं आणि आता जाणत्या माणसानं बोट दाखवलं होतं. आठवडा सरायच्या आत आरतीला त्यानं कामावरून काढलं. भिमाजींना हे नंतर फोनवर कळलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि ते जेवायला बसले.

तिसरा फोन ऊन चांगलं तापल्यावर आला. आता मशीनवर ऋषीच्या आत्याचा मुलगा होता, पप्पू. बायकोपोरांचा माणूस, कामाला चोख. त्याच्या हातूनही भोकं सरकत होती, त्याच टोकाला, तेवढीच.

"पप्पूपण कीस ठेवतोय व्हय?" रत्ना ताट वाढता वाढता म्हणाली. आरतीला का काढलं हे तिला ठाऊक होतं.

त्यांना जायचं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना आता कुठंच जायचं नव्हतं. पण गेले. गाडीवाटेला पुन्हा चिखल! एवढ्या उन्हात, जिथं तिथं धुरळा उडत असताना, नेमका इथंच चिखल. भिमाजींनी पाटाला, चारी फोडणाऱ्याला आणि स्वतःच्या नशिबाला एकेक शिवी हासडली. शेडमध्ये आल्यावर बूट काढले, मोजे पिळले आणि पत्र्यावर वाळत घालायला हात वर केला. तो हात तसाच राहिला.

मागच्या खेपेलाही मोजे इथंच वाळत घातले होते. त्याच्या मागच्या खेपेलाही. फोन येतो तेव्हा पाटाला पाणी असतं. पाणी बंद झालं, रान वाळलं, की ऋषीचा फोन येत नाही.

त्यांनी मोजे तिथंच टाकले. शेडच्या मागच्या अंगाला जाऊन बघितलं तर भिंतीला खेटून ऊस उभा, सरीत घोट्याएवढं पाणी. खाली काळीभोर माती. पाणी प्याली की फुगणारी, तापली की भेगाळणारी. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. भिमाजी आत आले, पेटी उपडी केली आणि तळाची पाणसळ काढून फडक्यानं पुसून मशीनच्या टेबलावर ठेवली. बुडबुडा सरकला. उसाकडच्या कोपऱ्याकडं जाऊन बसला तो तिथून हलेना. त्यांनी जागा बदलली, टेबल या टोकाला नेलं, त्या टोकाला नेलं. टेबलाच्या मध्याला सगळं बरोबर आणि टोकाला गेलं की कललेलं. खाटेचा एक पाय उचलला गेला की वरचा माणूस कसा एका अंगाला येतो, तशी गत. एक कोपरा वर उचलला गेल्यानं मशीनच्या अंगातच पीळ पडला होता. हत्यार इमानदारीत सांगितल्या जागी येत होतं, खालचं टेबलच वाकडं होतं.

गेणभाऊ दारात उभे राहून हे सगळं बघत होते. भिमाजींनी विचारलं, "भाऊ, हा कट्टा घालताना खाली किती खोदलं व्हतं?"

"आसंल फूट-दीड फूट."

"मुरूम लागला का?"

"मुरूम? तो लई खाली हाय हितं."

"मागचं घर बांधताना?"

"घराला मुरमापतुर गेलो की! तिथून पाया उचललाय. गोठ्याला बी मुरूम गाठला व्हता, ते सोडतोय व्हय मी?" गेणभाऊंना प्रश्नच कळेना. "पर ही मशीनची शेड, राव. हितं काय माणसं ऱ्हायाची हाईत? ढोरं बांधायची हाईत? लोखंड हाय ते, त्याला कशाला पाहिजे पाया!"

भिमाजींनी कपाळावर हात मारून घेतला. म्हशीच्या गोठ्याला मुरमापर्यंत पाया आणि केसाचा फरक न चालणाऱ्या यंत्राला काळ्या मातीवर तरंगता कट्टा. पण हसायचं कुणाला? मशीन ठेवायच्या आधी 'खाली किती खोदलंय' हे विचारायचं काम गेणभाऊंचं नव्हतं. ते विचारायचं राहिलं, नंतर पाणसळ लावायची राहिली, तीही दोनदा. एवढं सगळं राहिलेलं त्या पोरीच्या डोक्यावर जाऊन पडलं होतं.

त्यांनी ऋषीला आणि पप्पूला बोलावून बुडबुडा दाखवला. मधे एक भोक पाडून दाखवलं, टोकाला एक पाडून दाखवलं. ऋषी हुशार आहे, त्याला एकदा सांगून कळलं.

"आता सपाट करून देतो," भिमाजी म्हणाले, "पण पाणी हटलं की माती बसंल आन् पुन्हा चुकंल. पाणी आलं की पुन्हा. कट्टा फोडून मुरमापतुर जायला पाहिजे, दुसरा उपाय न्हाई."

"फोडू," ऋषी म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आन् आरती?"

"तिची चूक नव्हती."

"मी कोणत्या तोंडानं बोलवू तिला, भाऊ? लई बोललो मी. घरच्यांसमोर बोललो, वडलांच्या समोर बोललो."

पप्पू म्हणाला, "मला काय, मी पाया खोदतो. मशीन जाऊ द्या तिच्याकडं." हे बोलणं मनापासूनचं होतं, कारण त्या टोकाच्या भोकांनी त्याचीही झोप उडवलेली होती.

परत येताना भिमाजींच्या मनात आलं, की आता ऋषी बघून घेईल. आपण कशाला मधे पडायचं? मशीनचं दुखणं शोधायचं आपलं काम, ते झालं. माणसांची दुखणी शोधायला गेलं तर आयुष्य पुरायचं नाही. असं मनात म्हणत ते अवसरीत शिरले, अंघोळ केली, जेवले, अंथरुणावर पडले आणि डोळे मिटले की त्यांना ती पोर दिसायची. 'दोनदा पुसते' म्हणणारी. आपण तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं, याची त्यांना आता लाज वाटत होती. पाठीपेक्षा हे दुखणं जास्त होतं.

सकाळी ते मंचरला गेले. आरती एस. टी. स्टँडसमोरच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागलीय, एवढं निघायच्या आधी ऋषीला फोन केला तेव्हा कळलं होतं, आणि तिला परत बोलवायचा निरोपही त्यानंच दिला होता. दुकान नुकतंच उघडलेलं. गिऱ्हाइकांनी आदल्या दिवशी उलगडून टाकलेल्या साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन ती घड्या घालत बसली होती. काठाला काठ लावायची, घडी घालायची, ठेवायची. मग काय वाटायचं कोण जाणे, तीच साडी परत उचलून उलगडून बघायची आणि पुन्हा घडी घालायची. भिमाजी पायरीवर उभे राहून हे बघत राहिले. ही पोर पूर्वी अशी नव्हती. मशीनवर एकदा आकडा टाकला की टाकला, असा हात होता तिचा.

"काका?" तिनं वर बघितलं. "तुमी हितं?"

भिमाजी ठरवून आणलेलं सगळं बोलणं विसरले. "मशीन चुकत व्हतं," ते म्हणाले. "तू न्हाई. खाली काळी माती हाय, पाण्यानं फुगती, कट्टा उचलती. मी पाणसळ लावलीच न्हाई."

आरतीच्या हातातली साडी मांडीवर तशीच राहिली. तिला आनंद होईल असं भिमाजींना वाटलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"तुमीच म्हनला व्हता, मशीन बरं हाय."

"व्हय."

"मी पुसते म्हनलं तर बघितलं बी न्हाई तुमी."

"व्हय. न्हाई बघितलं."

"मला बी वाटाया लागलं, का ऱ्हात असंल कीस," ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "रात रात आठवायची मी, कवा पुसायचं ऱ्हायलं, कोनच्या प्लेटला ऱ्हायलं. माझ्या बापाला सांगितलं, माझ्या हातनं माल बिघडला म्हून काढलं. तवापासनं तो माझ्याशी धड बोलत न्हाई. माझं जाऊ द्या, तो गावात कुनाशीच बोलत न्हाई."

भिमाजींनी ऋषीचा निरोप सांगितला. पाया खोदायला घेणार आहेत, मशीन पुन्हा बसलं की यायचंय, मी स्वतः सपाट करून देतो, रोज येऊन तपासतो.

"कामाचं ऱ्हाऊ द्या, काका. ते मागनं बघीन मी." तिनं डोळे पुसले आणि फोन काढला. "आधी बाला सांगा."

खोऱ्यात रेंज धड नाही. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागून तुटला. तिसऱ्यांदा पलीकडून वाऱ्याचा आवाज आला आणि त्यात एक म्हातारा होत चाललेला आवाज, "कोन? आरती? काय झालं?"

"बा, अवसरीचे काका हाईत, मशीनवाले. ते काय सांगत्यात ऐक," म्हणून आरतीनं फोन भिमाजींच्या हातात दिला.

दुकानात ऐकू येईना म्हणून भिमाजी बाहेर पायरीवर आले. समोर स्टँडवर गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते. भिमाजींना मोठ्यानं बोलायची सवय नाही, मशिनांशी बोलायला आवाज लागत नाही. त्यांनी एक कान बोटानं दाबून धरला.

"भागूबा, मी भिमाजी भोर. निरगुडसरच्या मशीनचं..."

"आवाज येत न्हाई! मोठ्यानं बोला!"

"मशीन चुकत व्हतं!" भिमाजी ओरडले. रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. "आरतीची चूक न्हाई! माल मशीननं बिघडवला!"

पलीकडं नुसता वारा. फोन पुन्हा तुटला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून बघितला. तुटला नव्हता.

"पावणं," भागूचा आवाज आला, एकदम हळू झालेला. "जरा थांबा. हितं वावरात भाताच्या रोपासाठी राब भाजायला समदी आळी आलीय. मी फोन मोठा करतो. आता बोलला ते पुन्यांदा बोला. ह्यांना ऐकू द्या."

तिकडं कुणाला तरी हाका मारल्याचं, कोण-कोण जवळ आल्याचं ऐकू आलं. बायकांचे आवाज आले. मागं वळून बघितलं तर आरती दाराला टेकून ओढणीत तोंड खुपसून रडत होती आणि दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून उभा राहिला होता.

"मी भिमाजी भोर, अवसरीचा," भिमाजी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "मशीन दुरुस्त करतो. आरतीच्या हातनं काय बी बिघडलं न्हाई. मशीनखालची जमीन हालत व्हती. दोनदा बघून मला कळलं न्हाई आन् मी पोरीचं नाव घेतलं. चूक माझी. तिची न्हाई."

तिकडून एका बाईनं विचारलं, "म्हंजी पोरीनं काय न्हाई केलं?"

"काय न्हाई केलं."

"ऐकलं का?" भागू तिथल्या माणसांना म्हणाला. मग फोनच्या जवळ येऊन म्हणाला, "पावणं, त्या वरच्या बांधावरच्यांना ऐकू गेलं न्हाई. त्यास्नी बोलावलंय. आजून एक डाव सांगा."

भिमाजींनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.